पाचशेच्या गोळीत पाचशेच नसतात: फार्मसीच्या अभ्यासात नेमकं काय शिकतात?

घरात पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी असेल तर ती सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा. काटा पाचशेवर थांबणार नाही. कंपनीप्रमाणे साडेपाचशे, सहाशे असं काहीतरी दाखवेल. औषध पाचशेच आहे. वरचा ऐवज म्हणजे स्टार्च, सेल्युलोज, पोविडोन, टाल्क, मॅग्नेशियम स्टिअरेट. यातलं काहीही ताप उतरवत नाही. पण हे काढून टाकलं तर गोळीच होत नाही. पावडर साच्यात नीट पडत नाही, दाबली तर वरची टोपी सुटून येते, आणि झालीच गोळी तर पोटात जाऊन विटेच्या तुकड्यासारखी बसून राहते.

ते वरचे पन्नास-शंभर मिलिग्रॅम कशाचे असावेत, किती असावेत, आणि दहा लाख गोळ्यांमध्ये ते सारखेच पडले हे कसं सिद्ध करायचं, या प्रश्नांवर औषधनिर्माणशास्त्राचा बराच मोठा भाग उभा आहे. आपल्याकडे मात्र "फार्मसीला गेली" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग मेडिकल टाकणार का?"

टाकता येतं. १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली नोंदणी झालेली व्यक्ती दुकानात असल्याशिवाय औषध देता येत नाही, आणि त्यासाठी किमान दोन वर्षांचं डी.फार्म. आणि त्यानंतरचं ५०० तासांचं प्रशिक्षण लागतं. नवी औषधं तयार करण्याच्या कामात जायचं असेल तर रस्ता वेगळा: चार वर्षांचं बी.फार्म., मग बहुतेकांना दोन वर्षांचं एम.फार्म., आणि संशोधनातच राहायचं तर पीएच.डी. सहा वर्षांचं फार्म.डी. हा तिसरा फाटा आहे, पण त्याचा कल रुग्णालयाकडे, वॉर्डातल्या रुग्णाच्या औषधोपचाराकडे.

दुसरा गैरसमज जरा सुशिक्षित लोकांचा. त्यांना वाटतं, फार्मसीवाले औषधाचे रेणू शोधतात. शोधतात, पण एकटे नाही. नवा रेणू पुढे येतो तो सेंद्रिय रसायनशास्त्र, जीवशास्त्र, संगणकावरचं मॉडेलिंग अशा कितीतरी हातांतून. फार्मसीची खरी मालकी आहे ती रेणू आणि औषध यांच्यामधल्या अंतरावर. रेणू म्हणजे औषध नव्हे. बाटलीतली पांढरी भुकटी आजीच्या रक्तात योग्य वेळी, योग्य प्रमाणात पोहोचली तर ते औषध.

चिवड्यातलं मीठ

थायरॉइडची गोळी घ्या. पन्नास मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा विसावा भाग. अशा दहा लाख गोळ्यांना औषध लागतं फक्त ५० ग्रॅम, मूठभरही नाही. पण पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी चिमटीत धरता येत नाही, म्हणून ती साधारण शंभर मिलिग्रॅमची करावी लागते. म्हणजे ५० ग्रॅम औषध जवळजवळ १०० किलो भुकटीत असं मिसळायचं, की दहा लाखांपैकी कुठलीही गोळी उचलली तरी तिच्यात तेवढंच सापडावं.

आता दिवाळीचा चिवडा आठवा. पहिल्या दिवशी चव सगळीकडे सारखी. आठ दिवसांनी डब्याच्या वर पोहे आणि तळाला मीठ, पिठीसाखर, तिखट. डबा जितका हलवाल तितकं बारीक खाली जातं. कारखान्यात नेमकं हेच होतं: मिसळलेली भुकटी ड्रममधून मशीनपर्यंत नेताना हलते, आणि बारीक औषध जड-जाड भुकटीपासून वेगळं व्हायला लागतं. कुठल्या हजार गोळ्यांत कमी, कुठल्या हजारांत जास्त. थायरॉइडच्या रुग्णासाठी हा फरक नुसता कागदावरचा राहत नाही. तिची नाडी, वजन, झोप सगळं त्यावर हलतं.

यावरचा एक जुना उपाय पहिल्याच वर्षी हातात खलबत्ता देऊन शिकवतात. ५० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच भुकटी घालायची, घोटायचं. मग त्या १०० मध्ये १००. मग २०० मध्ये २००. अकराव्या वेळी तुम्ही शंभर किलोंच्या पार गेलेले असता. मुलं कंटाळतात, कारण प्रॅक्टिकलला हे काम निव्वळ हमालीचं वाटतं. दुसरा उपाय म्हणजे औषध द्रवात विरघळवून भुकटीवर मारायचं, किंवा सगळं ओलं करून त्याचे बारीक दाणे पाडायचे. लाडवाचं सारण एकदा पाकात धरलं की बेसन आणि साखर वेगळे होत नाहीत, तसंच. या दाणे पाडण्याला ग्रॅन्युलेशन म्हणतात आणि गोळ्यांच्या कारखान्यातली निम्मी भांडणं त्याच्याच भोवती होतात.

माझं पहिलं फसलेलं काम याच्या पुढच्या पायरीवरचं. दाणे तयार झाल्यावर अगदी शेवटी त्यात मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात, साधारण अर्धा-एक टक्का. ते वंगण असतं, गोळी साच्याला चिकटू नये म्हणून. ते काही मिनिटंच मिसळायचं असतं. मी ब्लेंडर चालू ठेवून चहाला गेले आणि गप्पा लांबल्या. गोळ्या सुरेख झाल्या, चकचकीत. औषधाचं प्रमाण अचूक. फक्त त्या विरघळेनात. शंकरपाळ्याच्या पिठात मोहन जास्त चोळलं की कणाकणाला तूप लागतं आणि पाणी आत शिरत नाही. मी औषधाला नेमकं तसंच मोहन लावलं होतं. आमच्या वरिष्ठ बाईंनी बॅच रेकॉर्डवर लाल पेनने फक्त मिसळण्याची वेळ अधोरेखित केली. बोलल्या काहीच नाहीत.

पोटात गेल्यावर पुढे काय?

गोळी विरघळते की नाही हे बघायचं यंत्र प्रत्येक फार्मसी कॉलेजात असतं, निदान कागदावर तरी. काचेचं गोल बुडाचं भांडं, ३७ अंशाचं पाणी, आणि आत मंद फिरणारं वल्हं. पॅरासिटामॉलच्या साध्या गोळीला साधारण कसोटी अशी: ९०० मिलिलिटर द्रव, मिनिटाला ५० फेरे, आणि ३० मिनिटांत ८० टक्के औषध द्रवात उतरलं पाहिजे. या परीक्षेला डिझोल्यूशन म्हणतात. भांडं म्हणजे पोट नव्हे, पण भांड्यात न विरघळणारी गोळी पोटात विरघळेल अशी आशा धरू नये.

त्यापुढचा प्रवास शरीरातला. सहाव्या सेमिस्टरला बायोफार्मास्युटिक्स आणि फार्माकोकायनेटिक्स नावाचा विषय येतो आणि गणिताला घाबरून इकडे आलेल्या मुलांची इथे त्याच्याशीच गाठ पडते. फार्मसीला गणित घेऊनही येता येतं आणि जीवशास्त्र घेऊनही. ज्यांनी गणित सोडलं त्यांना पहिल्या सेमिस्टरला गणिताची उजळणी, ज्यांनी जीवशास्त्र सोडलं त्यांना जीवशास्त्राची. उजळणीच्या त्या पेपरला कोणी गंभीरपणे घेत नाही. तिथले लॉगॅरिदम अडीच वर्षांनी व्याजासकट वसूल होतात.

विषय मात्र घरातल्या औषधांच्या डब्यावरूनच समजतो. छातीत दुखलं की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवतात, गिळत नाहीत. का? गिळलेली गोळी आतड्यातून रक्तात जाते, ते रक्त सगळ्यात आधी यकृतातून फिरतं, आणि यकृत या औषधाचा मोठा हिस्सा तिथेच मोडून टाकतं. जिभेखालचं रक्त यकृताचा हा नाका चुकवून थेट हृदयाकडे जातं. ॲसिडिटीवरच्या पॅन्टोप्राझोलचं दुखणं उलटं. ते जठरातल्या आम्लात टिकतच नाही. म्हणून गोळीवर असं आवरण असतं, जे आम्लात तसंच राहतं आणि आतड्यात गेल्यावर विरघळतं. आजोबांना गिळता येत नाही म्हणून ही गोळी कुटून दिली, तर ते सगळं डोकं चालवून केलेलं काम खलबत्त्यात गेलं. (पॅरासिटामॉलची साधी गोळी कुटायला हरकत नसते. प्रश्न गोळीचा नसून तिच्या आतल्या रचनेचा असतो, हे औषधाच्या दुकानातल्या काउंटरवर सांगितलं गेलं तर किती बरं होईल.)

आणि डोस. ॲमॉक्सिसिलिन दिवसातून तीनदा, पण ॲझिथ्रोमायसिन एकदाच, तेही तीनच दिवस. दोन्ही जंतूंवरचीच औषधं. फरक असा की ॲमॉक्सिसिलिनचं रक्तातलं प्रमाण साधारण तासाभरात निम्मं होतं, मग पुढच्या तासाभरात त्याचं निम्मं. ॲझिथ्रोमायसिनला निम्मं व्हायला ६८ तासांच्या आसपास लागतात, कारण ते रक्तातून निघून पेशींमध्ये जाऊन बसतं आणि हळूहळू बाहेर येतं. पट्टी तिसऱ्या दिवशी संपते, औषध पुढेही अंगात असतं. निम्मं व्हायला लागणाऱ्या या वेळेला अर्धआयुष्य म्हणतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं "१-०-१" हे पुष्कळदा त्याच गणिताचं उत्तर असतं.

रेणू तोच, औषध नापास

वर्गात मी मुलांना नेहमी रिटोनाविरची गोष्ट सांगते. एचआयव्हीवरचं हे औषध १९९६ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. दोन वर्षं कॅप्सूल व्यवस्थित बनत होत्या. १९९८ मध्ये अचानक त्या डिझोल्यूशनमध्ये नापास व्हायला लागल्या. कच्चा माल तोच होता, कृतीही तीच. शोधल्यावर कळलं की त्याच रेणूने स्फटिक होण्याची नवी तऱ्हा काढली होती. पेन्सिलीतलं शिसं आणि हिरा, दोन्ही कार्बनच. अणू एकमेकांशेजारी कसे बसलेत एवढाच फरक. रिटोनाविरचे रेणू पूर्वीपेक्षा घट्ट बसायला लागले होते आणि त्यामुळे नवा स्फटिक फार कमी विरघळत होता. त्याहून वाईट म्हणजे विरजणाचा थेंब दुधात पडावा तसं, नव्या स्फटिकाचा कण जिथे पोहोचला तिथे जुना बनेनासा झाला. कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. रुग्णांना चवीला अतिशय घाण असं पातळ औषध प्यावं लागलं आणि मग फ्रिजमध्ये ठेवायच्या मऊ कॅप्सूल आल्या.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने रिटोनाविर शंभर टक्के शुद्ध होतं. औषध म्हणून ते नापास होतं. दुसऱ्या वर्षी फिजिकल फार्मास्युटिक्समध्ये स्फटिक, विद्राव्यता, कणांचा आकार असलं रटाळ वाटणारं प्रकरण असतं, ते का शिकायचं याचं याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही.

जे.जे.तलं ग्लिसरीन

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची आहे. १९८६ च्या सुरुवातीला जे.जे. रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली आणि खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांवर ताशेरे ओढले. ही चूक जगात पहिली नव्हती. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचं पातळ औषध करताना द्रव म्हणून हेच वापरलं गेलं आणि शंभरावर माणसं मेली. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला, की बाजारात आणण्याआधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवा. आणि ही चूक शेवटचीही नव्हती. २०२२ मध्ये गाम्बियात लहान मुलं दगावली तेव्हा भारतात बनलेल्या सिरपांमध्ये याच जातीचं विष आढळल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला.

ग्लिसरीन आणि डायएथिलिन ग्लायकॉल दोन्ही रंगहीन, घट्टसर, गोड. डोळ्यांना, जिभेला फरक कळत नाही. प्रयोगशाळेला कळतो: गॅस क्रोमॅटोग्राफीवर दोघं वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. तपासणी अवघड नसते, ती करायची असते एवढंच. म्हणून ॲनालिसिस आणि क्वालिटी ॲशुरन्स हे "नोकरीपुरते" विषय समजणाऱ्यांवर मला राग येतो. ड्रमवरच्या लेबलवर विश्वास न ठेवणं हा आमच्या धंद्यातला शिष्टाचार आहे.

नोकरी कुठली?

इथे थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. बी.फार्म. झालं की नवं औषध शोधायला लागू, असं चित्र असेल तर ते आधी पुसा. नव्या रेणूला प्रयोगशाळेपासून दुकानापर्यंत यायला साधारण दहा ते पंधरा वर्षं लागतात. प्राण्यांवरच्या चाचण्या, मग थोड्या निरोगी माणसांवर, मग काहीशे रुग्णांवर, मग हजारोंवर; आणि माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दहांपैकी सुमारे नऊ वाटेत गळतात. हा जुगार परवडणाऱ्या कंपन्या भारतात थोड्या. २०१३ मध्ये झायडस कंपनीचं सरोग्लिटाझार हे भारतात शोधलेलं नवं औषध आलं, असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके.

भारताचं बळ वेगळं आहे, आणि त्याला इतिहास आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंद केलं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. २००५ पर्यंत ही सूट होती. त्या काळात इथले लोक दुसऱ्याचं औषध दुसऱ्या वाटेने, स्वस्तात आणि नीट बनवायला शिकले. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा श्रीमंत देशांत त्याच उपचाराला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येत होता. बातम्यांत किंमत गाजली. आमच्या क्षेत्रातल्यांना त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते: तिन्ही औषधं एकाच गोळीत बसवली होती. तीन वेगवेगळ्या स्वभावाचे रेणू एकमेकांना न बिघडवता एका गोळीत नांदवणं हे शुद्ध फॉर्म्युलेशनचं, म्हणजे रेणूपासून औषध घडवण्याचं, काम आहे, आणि मूठभर गोळ्यांऐवजी दिवसाला दोनच घ्यायच्या असतील तर रुग्ण त्या खरंच घेतो.

तेव्हा बहुतेकांची कारकीर्द जेनेरिक औषधांच्या विकासात सुरू होते, आणि त्यात कमीपणा काही नाही. तिथे सिद्ध करावं लागतं की आपली गोळी मूळ गोळीइतकंच औषध, तेवढ्याच वेगाने रक्तात पोहोचवते. निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या वेळी देतात, रक्ताचे नमुने घेतात, तुलना करतात. नियमात ८० ते १२५ टक्के अशी मर्यादा दिसते. त्यावरून "जेनेरिकमध्ये वीस टक्के औषध कमी असलं तरी चालतं" असं व्हॉट्सॲपवर फिरतं, काही डॉक्टरही म्हणतात. हे चूक आहे. गोळीतल्या औषधाच्या प्रमाणाचा नियम वेगळा आणि बराच कडक असतो. ८० ते १२५ मध्ये बसवायची असते ती सरासरीभोवतीची संपूर्ण अनिश्चितता, तिची दोन्ही टोकं धरून. सरासरीच वीस टक्के खाली असेल तर खालचं टोक हमखास बाहेर जातं आणि कंपनी नापास होते. आठव्या सेमिस्टरचं बायोस्टॅटिस्टिक्स नीट केलं असेल तर हे दोन मिनिटांत समजावता येतं.

फॉर्म्युलेशन आणि ॲनालिटिकल सोडून रेग्युलेटरीत जाणारे असतात. ते कंपनीचं सगळं काम कागदावर मांडून सरकारकडे मंजुरी मागतात. क्लिनिकल रिसर्च आहे, बाजारात आलेल्या औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारं फार्माकोव्हिजिलन्स आहे. पुण्यामुंबईत या शेवटच्या कामात बरीच मुलं लागतात. दिवसभर संगणकासमोर असतात आणि लॅब सुटल्याची हळहळ करतात. लॅबमधली मुलं त्यांच्या एसीवर जळतात.

एम.फार्म.ला शिष्यवृत्ती हवी तर जीपॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, दरमहा १२,४०० रुपये मिळतात. नायपर ही राष्ट्रीय संस्था संशोधनासाठी उत्तम. पहिली मोहालीची, पुढे हैदराबाद, अहमदाबाद वगैरे ठिकाणी निघाल्या. मुंबईत माटुंग्याची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था आहे, १९३३ पासूनची, जिला जुने लोक अजून यूडीसीटीच म्हणतात. पण सगळ्यांना तिथे जागा मिळत नाही, आणि राज्यात फार्मसी कॉलेजं गल्लोगल्ली झाली आहेत.

त्यामुळे प्रवेश घेण्याआधी कॉलेज एकदा बघून या. प्राचार्यांची केबिन आणि सभागृह बघण्यात वेळ घालवू नका. मशीन रूम दाखवा म्हणा. गोळ्यांच्या मशीनवर पांढरी भुकटी असेल तर चांगलं, नुसती धूळ असेल तर वाईट. मग कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाचा एखादा मुलगा गाठा आणि विचारा, "डिझोल्यूशन शेवटचं कधी लावलं होतंस?" तो वार सांगतो की हसतो, ते बघा.